दोनपैकी एकच मिथाइल: उपळसरीच्या वासामागची प्रकल्प नोंदवही

६ जानेवारी

विषय ठरला. एम.एस्सी. दुसऱ्या वर्षाच्या प्रकल्पासाठी मॅडमनी तीन विषय सुचवले होते. त्यातला तिसरा, 'ॲरोमॅटिक ईथर निवडून तोडणे', कुणालाच नको होता, कारण त्यात वास, धूर आणि आम्ल हे सगळंच येतं. मी तो घेतला आणि त्यामागचं कारण घरात आहे. उन्हाळा लागला की आजी उपळसरीची मुळं ठेचून पाण्यात उकळते आणि खडीसाखर घालून ते पाणी माठात ठेवते. काष्ठौषधीच्या दुकानात या मुळाला अनंतमूळ म्हणतात. त्याचा जो गोडसर, व्हॅनिलाच्या जवळ जाणारा वास असतो, तो मुख्यतः एका लहानशा रेणूचा आहे: २-हायड्रॉक्सी-४-मिथॉक्सीबेन्झाल्डिहाइड. सूत्र व्हॅनिलिनचंच, C₈H₈O₃, रेणुभारही तोच १५२. फरक फक्त हायड्रॉक्सी आणि मिथॉक्सी कुठं बसले आहेत एवढाच.

आमच्या स्टोअरमध्ये २,४-डायमिथॉक्सीबेन्झाल्डिहाइडची बाटली आहे. त्याच्या वलयावर दोन मिथॉक्सी (ऑक्सिजनमार्फत जोडलेले मिथाइल, -OCH₃) आहेत: एक अल्डिहाइडच्या शेजारी दुसऱ्या जागेवर, दुसरा लांब चौथ्या जागेवर. शेजारचा मिथाइल काढायचा आणि लांबचा तसाच राहू द्यायचा, की आजीच्या माठातला रेणू तयार. अख्खा प्रकल्प या एका वाक्यात मावतो.

मॅडमनी लगेच विचारलं, "मग २,४-डायहायड्रॉक्सीबेन्झाल्डिहाइड घेऊन चौथ्या जागेवर एक मिथाइल का लावत नाहीस? सोपं पडेल." खरंच सोपं पडेल. शेजारचा हायड्रॉक्सी अल्डिहाइडशी हायड्रोजन बंधानं बांधलेला असतो, म्हणून मिथाइल आधी लांबच्या हायड्रॉक्सीवर जातो. कारखान्यात कुणी हा पदार्थ करायला घेतला तर त्या वाटेनंच जावं. पण मला लावायला नाही, तोडायला शिकायचंय. मोठ्या संश्लेषणात मिथाइल हे फिनॉलचं, म्हणजे थेट वलयावर बसलेल्या हायड्रॉक्सीचं, पांघरूण म्हणून वापरतात, आणि शेवटी नेमकं एकच पांघरूण काढायची वेळ येते तेव्हा भले भले अडकतात. मॅडम म्हणाल्या, "बरं, तोड. पण नोंदवही रोजची रोज लिहायची."

१० जानेवारी

दोन बाबी लिहून काढल्या.

ॲनिसोलसारख्या (वलयावर एकच मिथॉक्सी असलेल्या) ईथरमध्ये ऑक्सिजनला दोन बंध असतात, एक वलयाच्या कार्बनशी आणि एक मिथाइलच्या कार्बनशी. तुटतो तो नेहमी मिथाइलकडचा. ऑक्सिजनची एकाकी जोडी वलयात ओढली जाते, म्हणून वलयाकडच्या बंधाला थोडा दुहेरी बंधाचा गुण येतो आणि तो आखूड व घट्ट होतो. शिवाय ब्रोमाइडसारख्या न्यूक्लिओफाइलला (इलेक्ट्रॉनची जोडी देऊन बंध जोडणाऱ्याला) मागून वार करायचा असतो, आणि वलयाच्या कार्बनच्या मागं तर वलयच उभं असतं. मिथाइलच्या मागं मोकळं मैदान. म्हणून फिनॉल मिळतो आणि मिथाइल हॅलाइड वायू होऊन निघून जातो. इथवर पुस्तकात आहे.

पण माझ्या रेणूत मिथाइल दोन आहेत आणि या हिशोबात दोघं सारखेच. मग आधी कोण जाणार, हे कुणाच्या हातात? पुढचे तीन महिने मला हाच प्रश्न पुरणार आहे.

१२ ते १६ जानेवारी

गड्ड्याची यात्रा. विभाग उघडा असला तरी रस्ते बंद आणि नंदीध्वजांच्या मिरवणुकीत अर्धं सोलापूर रस्त्यावर. प्रयोग नाही. घरी बसून हिशोब केले.

१९ जानेवारी

पहिला प्रयोग मुद्दाम सगळ्यात जुन्या आणि ओबडधोबड रीतीनं केला: ४८ टक्के हायड्रोब्रोमिक आम्ल, थोडं ॲसेटिक आम्ल आणि रिफ्लक्स, म्हणजे वाफ गार करून परत फ्लास्कमध्ये सोडत उकळणं. हे आम्ल साधारण १२६ अंशाला उकळतं. पदार्थ अर्धा ग्रॅम. पहिल्या वीस मिनिटांत द्रावण लालसर झालं, तासाभरात काळं, आणि दोन तासांनी फ्लास्कच्या बुडाशी डांबर. टीएलसीवर (सिलिका लावलेल्या प्लेटवर द्रावक चढवून पदार्थांचे ठिपके वेगळे करायची चाचणी) तळापासून वरपर्यंत एक लांब शेपूट, ठिपका म्हणावा असा एकही नाही.

का झालं हे लक्षात येतं. आम्ल इतकं जोरदार आणि उष्णता इतकी की दोन्ही मिथाइल उडाले, आणि उरलेला डायहायड्रॉक्सी अल्डिहाइड तसल्या गरम आम्लात स्वतःशीच जोडत बसला. रिसॉर्सिनॉलच्या घराण्यातलं वलय आणि अल्डिहाइड एकाच रेणूत असले की राळ होणारच.

हायड्रोआयोडिक आम्लाचा असा उपयोग झाइसेल यांनी १८८५ साली केला होता. त्यांना पदार्थात मिथॉक्सी किती आहेत ते मोजायचं होतं. उकळत्या हायड्रोआयोडिक आम्लात सगळे मिथाइल तोडायचे, निघालेला मिथाइल आयोडाइड सिल्व्हर नायट्रेटच्या अल्कोहोली द्रावणात अडवायचा आणि सिल्व्हर आयोडाइडचं वजन करायचं. त्यांना एकही मिथाइल मागं राहून चालणार नव्हता, मला एक राहायलाच हवा. हत्यारही मग त्याप्रमाणं वेगळं लागणार.

फ्लास्क धुवायला लॅब सांभाळणाऱ्या मामांनी क्रोमिक आम्ल काढायला लावलं नाही. आधी ॲसिटोन, मग सोड्याचं गरम पाणी, मग ब्रश, एवढ्यात निघालं. मामांना इथं बावीस वर्षं झाली, डांबर कशानं निघतं हे त्यांना विचारावं.

२२ जानेवारी

बोरॉन ट्रायब्रोमाइडचा विषय काढला आणि मॅडमनी तो तिथंच थांबवला. मॅकोमी आणि वॉट्स यांनी १९६३ साली ही रीत दाखवली, आणि आजही मिथाइल ईथर तोडायचा म्हटलं की बहुतेक जण आधी हीच बाटली शोधतात. पण ती हवेत धुरते, पाण्याशी भडका उडाल्यासारखी वागते, आणि साधारणपणे शून्याखाली ७८ अंशांवर घालायला सुरुवात करतात. त्यासाठी ड्राय आइस लागतो. आमच्याकडं बर्फ येतो तो कॉलेजसमोरच्या रसवंतीतून. जाडं मीठ घालून उणे दहापर्यंत जाता येतं, त्याच्या खाली नाही.

मॅडमचा दुसरा मुद्दा मला जास्त पटला. ट्रायब्रोमाइड इतका तगडा लुईस आम्ल (ऑक्सिजनची एकाकी जोडी ओढून घेणारा) आहे की तो दोन्ही मिथॉक्सींवर जाऊन बसेल, त्यातून निवड करून घ्यायची म्हणजे प्रमाण आणि तापमान यांची तारेवरची कसरत. त्यापेक्षा कमजोर गडी घ्यावा, जो एकट्यानं मिथाइल तोडूच शकत नाही आणि ज्याला शेजारचा आधार लागतो.

बोरॉन ट्रायक्लोराइड तसा आहे. पण तो १२ अंशांच्या आसपास उकळतो, म्हणजे सोलापुरात बाराही महिने वायू. द्रावणात विकत मिळतो, महाग आहे. अॅल्युमिनिअम क्लोराइड मात्र फ्रीडेल-क्राफ्ट्सच्या (वलयावर मिथाइलसारखा गट चढवायच्या अभिक्रियेच्या) प्रॅक्टिकलसाठी कपाटात आहेच. तेच घ्यायचं.

२७ जानेवारी

फसलं. डायक्लोरोमिथेनमध्ये अडीच पट (वजनानं नाही, मोलच्या हिशोबानं) अॅल्युमिनिअम क्लोराइड, सहा तास ढवळलं. टीएलसीवर मूळ पदार्थ जिथल्या तिथं.

बाटलीच संशयास्पद होती. चांगलं निर्जल अॅल्युमिनिअम क्लोराइड उघडलं की तोंडाशी पांढरा धूर येतो आणि नाकाला झोंबतं. हे पांढरंफटक, गुठळ्या झालेलं, शांत. चमचाभर पाण्यात टाकून पाहिलं. चर्रर्र व्हायला हवं होतं, ते नुसतं विरघळलं. बाहेरून आणलेल्या त्या बाटलीला पुरवठादारानं नवं लेबल लावलं होतं, पण आतला माल कधीच ओल खाऊन मेलेला. मॅडमनी नवी बाटली मागवली. ती आल्यावर डेसिकेटरमध्ये (आतली हवा कोरडी ठेवणाऱ्या बंद भांड्यात) ठेवायची आणि वजन करताना झाकण अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त उघडं ठेवायचं नाही.

३ फेब्रुवारी

आजची नोंद सविस्तर लिहिते, कारण आज चूक होता होता राहिली.

नवी बाटली उघडताना मामा मागून म्हणाले, "पोरी, तोंड तुझ्याकडं नको करू की, आत वायू साठलेला असतोय." झाकण खरंच फुस्स करून उडालं. आत फिकट पिवळी पूड आणि तोंडाशी धूर. हाच तो.

पदार्थ ०.८३ ग्रॅम, म्हणजे ५ मिलिमोल. अॅल्युमिनिअम क्लोराइड १.६७ ग्रॅम, अडीच पट. कॅल्शियम क्लोराइडवर वाळवलेलं डायक्लोरोमिथेन १५ मिली. फ्लास्क बर्फात, वर हवेतली ओल अडवणारी गार्ड ट्यूब. आधी अॅल्युमिनिअम क्लोराइडचा गढूळ घोळ केला आणि त्यात अल्डिहाइडचं द्रावण थेंबाथेंबानं सोडलं. प्रत्येक थेंबाला पिवळा ढग उठायचा. अर्ध्या तासात घोळ जवळजवळ निवळला आणि द्रावण गर्द पिवळं झालं. अॅल्युमिनिअम अल्डिहाइडच्या ऑक्सिजनला जाऊन बसल्याचं हे डोळ्यांना दिसणारं लक्षण. मग बर्फ काढला आणि खोलीच्या तापमानाला ढवळत ठेवलं.

दोन तासांनी थेंबभर काढून आम्लाच्या पाण्यात फोडला, इथाइल ॲसिटेटमध्ये घेतला आणि प्लेट लावली. द्रावक पेट्रोलियम ईथर आठ भाग, इथाइल ॲसिटेट दोन. यूव्हीखाली पाहिलं तर मूळ पदार्थाच्या वर एक नवा ठिपका.

माझ्या शेजारच्या टेबलावरची मैत्रीण म्हणाली, "गेलं तुझं. फिनॉल झाला असता तर ठिपका खाली आला असता. हे काहीतरी भलतंच." मलाही तेच वाटलं. पहिल्या वर्षापासून डोक्यात बसलंय की हायड्रॉक्सी आला की सिलिका धरून ठेवते आणि ठिपका खाली राहतो. मी फ्लास्क रिकामा करायला उठलेही होते.

मॅडमनी प्लेट बघितली आणि एवढंच विचारलं, "हायड्रॉक्सी कुठं आहे? त्याचा हात मोकळा आहे का?" तेव्हा उजेड पडला. शेजारचा मिथाइल गेला तर तयार होणारा हायड्रॉक्सी शेजारच्या अल्डिहाइडच्या ऑक्सिजनला हायड्रोजन बंधानं धरून बसतो. आतल्या आतच सहा अणूंचं कडं तयार होतं. सिलिकाला धरायला त्याचा हात मोकळाच नसतो, म्हणून तो मूळ डायमिथॉक्सीपेक्षाही वर पळतो. चुकीचा मिथाइल, म्हणजे चौथ्या जागेवरचा गेला असता, तर तो मोकळा हायड्रॉक्सी नक्की खाली आला असता. म्हणजे वर गेलेला ठिपकाच सांगत होता की तुटलाय तो बरोबर जागचाच.

प्लेटवर फिनॉलला रंग देणारं फेरिक क्लोराइड फवारलं. वरचा ठिपका जांभळट झाला, मूळचा तसाच राहिला. फिनॉल आहे आणि वर आहे. संध्याकाळी सहा वाजता मूळ पदार्थाचा ठिपका जेमतेम दिसत होता. तळाशी काही नाही.

४ फेब्रुवारी

वर्कअप, म्हणजे प्रयोग थांबवून उत्पादन वेगळं काढणं, बिघडवला. रात्रभर ढवळलेलं मिश्रण बर्फाच्या पाण्यात ओतलं आणि आम्ल मारायचं म्हणून लगेच खायच्या सोड्याच्या द्रावणानं धुवायला घेतलं. सेपरेटिंग फनेलमध्ये साबुदाण्याच्या खिरीसारखा पांढरा लगदा झाला, थर वेगळे होईनात. आम्ल संपलं की अॅल्युमिनिअम हायड्रॉक्साइड होऊन बसतं आणि ते दोन्ही थरांना धरून ठेवतं. त्यात माझं उत्पादन फिनॉल. ते अजून अॅल्युमिनिअमच्या चिमट्यात होतं आणि सोड्यानं तो चिमटा सुटत नाही.

वाचवलं ते असं: लगदा सगळा परत बीकरमध्ये काढला, गार करून सहा नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्ल भरपूर घातलं आणि पाऊण तास ढवळलं. पांढरं विरघळलं, वरचा सेंद्रिय थर फिका पडला आणि थर सरळ वेगळे झाले. पुढच्या वेळी मिश्रण थेट बर्फ आणि भरपूर आम्लात ओतायचं, तासभर ढवळायचं आणि मगच फनेलला हात लावायचा.

मिथाइल जातो कुठं, हेही लिहून ठेवते. क्लोराइड त्याला घेऊन जातो आणि मिथाइल क्लोराइड होतो. तो उणे २४ अंशाला उकळतो, म्हणजे फ्लास्कमधून सरळ वायू होऊन बाहेर. २० मिलिमोलचा प्रयोग लावला तर जवळपास अर्धा लिटर. विषारी आहे आणि गार्ड ट्यूब त्याला अडवत नाही. म्हणून हा प्रयोग धूर खेचणाऱ्या कपाटाबाहेर लावायचा नाही, घाई असली तरी नाही.

१२ फेब्रुवारी

मला एकाच ठिपक्यावर विश्वास ठेवायचा नव्हता. शेजारच्या अल्डिहाइडचा आधार लागतो असं मी म्हणते, मग तो आधार काढून घेतला तर प्रयोग थांबायला हवा.

दोन फ्लास्क, सगळं सारखं. एकात ४-मिथॉक्सीबेन्झाल्डिहाइड, ज्याचा मिथॉक्सी अल्डिहाइडपासून सगळ्यात लांब. दुसऱ्यात २-मिथॉक्सीबेन्झाल्डिहाइड, ज्याचा मिथॉक्सी अगदी शेजारी. दोघांना अडीच पट अॅल्युमिनिअम क्लोराइड आणि सहा तास.

लांबचा पहिल्याच जागेवर, एक ठिपका, फेरिक क्लोराइडला काही नाही. शेजारचा मात्र जवळजवळ पूर्ण सॅलिसिल्डिहाइड झाला. त्याचा कडवट बदामासारखा वास कपाट उघडल्यावरच आला.

म्हणजे जोर अॅल्युमिनिअममध्ये नाही, जागेत आहे. अॅल्युमिनिअम आधी अल्डिहाइडच्या ऑक्सिजनला धरतो, तिथून हात लांबवून शेजारच्या मिथॉक्सीच्या ऑक्सिजनला पकडतो आणि दोघांमध्ये चिमट्यासारखा बसतो. दोन्हीकडून ओढला गेलेला तो ऑक्सिजन मिथाइलवरची पकड सोडायला तयार होतो, आणि क्लोराइडला मागून वार करायला संधी मिळते. चौथ्या जागेवरच्या मिथॉक्सीपर्यंत हा हात पोचतच नाही. आमच्या बाबांच्या रंगखात्यातही अॅल्युमिनिअम असंच काम करतो. तुरटीचं मॉर्डंट एकीकडं धागा धरतं, दुसरीकडं रंगाच्या रेणूतले शेजारशेजारचे दोन ऑक्सिजन. बाबांना हे रात्री जेवताना सांगितलं. त्यांनी भाकरीचा तुकडा हातात ठेवूनच विचारलं, "मग मॅडरच्या रंगात पण हेच?" होय, मॅडरमधल्या ॲलिझरिनमध्येही कार्बोनिल (कार्बनशी दुहेरी बंधानं जोडलेला ऑक्सिजन) आणि त्याच्या शेजारचा हायड्रॉक्सी. बावीस वर्षं ते हा चिमटा रोज वापरत आलेत.

२० फेब्रुवारी

प्रमाण बदलून पाहिलं. १.२ पट घेतलं तर प्रयोग अर्ध्यावर अडकतो, रात्रभर ठेवूनही पुढं जात नाही. अडीच पटीला सहा ते आठ तासांत होतो. तीन पट घेऊन रिफ्लक्सला रात्रभर ठेवलं तर तळाशी नवा ठिपका येऊ लागतो. तो डायहायड्रॉक्सीच्या नमुन्याशी जुळतो, म्हणजे लांबचा मिथाइलही जायला लागला. अडीच पट, खोलीचं तापमान. ठरलं.

५ मार्च

मोठा प्रयोग. ३.३२ ग्रॅम, २० मिलिमोल. अॅल्युमिनिअम क्लोराइड ६.६७ ग्रॅम. सगळं फेब्रुवारीतल्यासारखं, वर्कअप भरपूर आम्लात. सेंद्रिय थर पाच टक्के गार सोडियम हायड्रॉक्साइडनं दोनदा ओढला. फिनॉल पाण्यात उतरतो आणि पाणी पिवळंजर्द होतं, न तुटलेला डायमिथॉक्सी वरच राहतो. पिवळं पाणी आम्लानं फोडलं तर दुधासारखं पांढरं झालं आणि तेल खाली बसलं. रंग तपकिरी, अजून स्वच्छ नाही.

कॉलम लावायचा की वाफेनं ऊर्ध्वपातन करायचं, यावर मैत्रीण आणि मी बराच वेळ बोललो. मी वाफ निवडली. आतल्या हायड्रोजन बंधामुळं जो रेणू सिलिकाला धरत नाही, तो पाण्यालाही धरत नाही, म्हणून तो वाफेबरोबर वर जातो. मोकळ्या हायड्रॉक्सीचे पदार्थ आणि डांबर मागंच राहतात.

एका फ्लास्कमध्ये पाणी उकळत ठेवलं, नळीतून वाफ दुसऱ्यात सोडली. पहिली दहा मिनिटं कंडेन्सरमधून नुसतं स्वच्छ पाणी. मग थेंब गढूळ झाले. काचेच्या नळीच्या आतल्या बाजूनं बारीक तेलकट रेघा उतरायला लागल्या, टोकाशी आल्या की त्यांचा दुधी थेंब व्हायचा आणि खालच्या बर्फात ठेवलेल्या फ्लास्कमध्ये पडला की त्यातून पांढरा धागा सुटायचा. पंधरा मिनिटांनी खालच्या पाण्यात सुया तरंगायला लागल्या, पांढऱ्या, केसाएवढ्या. एकदा नळीतच जमा होऊन अडकल्या, तेव्हा कंडेन्सरचं पाणी दोन मिनिटं बंद केलं. काच कोमट झाली आणि सुया वितळून खाली गेल्या.

आणि वास. लॅबमध्ये त्या वेळी तीन जण होते. कुणी काही बोलायच्या आधी मामा म्हणाले, "हे तर उन्हाळ्यातलं सरबत की ओ."

गाळून, डेसिकेटरमध्ये वाळवून वजन केलं: २.१९ ग्रॅम. हिशोबानं ३.०४ यायला हवेत, म्हणजे ७२ टक्के. वितळणबिंदू ४१ ते ४३, पुस्तकातला हाच. मूळ पदार्थाचा ६७ च्या पुढं असतो. मागं उरलेल्या फ्लास्कमध्ये तपकिरी राळ आणि प्लेटवर तळाचा एक फिका ठिपका.

१८ मार्च

दुसऱ्यांदा तोच प्रयोग, आकडे पुन्हा येतात का ते पाहायला. आले नाहीत: ६१ टक्के. कारण प्रयोगात नाही, हवेत आहे. डायक्लोरोमिथेन ३९.६ अंशाला उकळतं आणि आज दुपारी आमच्या वरच्या मजल्यावरच्या लॅबमध्ये पारा ३८ वर होता. ढवळता ढवळता द्रावक उडून गेलं, घोळ घट्ट झाला आणि चुंबक अडकला.

मैत्रीण म्हणाली, टोल्यूइन घे, ते १११ ला उकळतं. विचार चांगला होता, पण टोल्यूइन इथं चालणार नाही. फ्लास्कमध्ये अॅल्युमिनिअम क्लोराइड आहे आणि प्रयोगातून मिथाइल क्लोराइड निघतोय. त्यात टोल्यूइन घातलं की दुसऱ्या सत्रातलं फ्रीडेल-क्राफ्ट्स आपोआप सुरू, आणि टोल्यूइनचं झायलीन होत बसणार. डायक्लोरोइथेन चाललं असतं, पण त्याचं विष जास्त, मॅडम नको म्हणाल्या.

त्यापेक्षा वेळ बदलली. मामांनी साडेसहाला लॅब उघडायचं कबूल केलं. सकाळी सातला लावायचं आणि दुपारी एकच्या आत आम्लात फोडायचं.

२१ मार्च

सकाळचा प्रयोग: ७१ टक्के. मामांसाठी कडक भाकरी आणि शेंगाचटणी नेली होती.

२ एप्रिल

एनएमआर आला, म्हणजे रेणूतला प्रत्येक प्रोटॉन (हायड्रोजन) कसल्या शेजारात आहे ते दाखवणारा आलेख. मूळ पदार्थात अल्डिहाइडचा प्रोटॉन १०.२९ ला, आणि मिथॉक्सीचे दोन शिखर ३.९ च्या आसपास. माझ्या नमुन्यात मिथॉक्सीचं एकच शिखर, ३.८६, तीन प्रोटॉनचं. अल्डिहाइड सरकून ९.७२ ला. आणि पार डावीकडं, ११.४८ ला, एक सुईसारखं टोकदार शिखर, एका प्रोटॉनचं.

हे शेवटचं शिखर मी मॅडमच्या टेबलावर बोट ठेवून दाखवलं. साध्या फिनॉलचा हायड्रॉक्सी पाच ते सातच्या आसपास पसरट येतो. इतका डावीकडं आणि इतका टोकदार येतो तो फक्त जो कशाला तरी घट्ट बांधलेला असतो. तीन फेब्रुवारीला प्लेटवर जो ठिपका वर पळाला होता आणि जो मी फेकायला निघाले होते, त्याचीच ही सही.

९ एप्रिल

काष्ठौषधीच्या दुकानातून शंभर ग्रॅम अनंतमूळ आणलं. आजीनं मुळं हातात घेऊन मोडून बघितली. "ही जुनी आहेत. साल सुटायली. नवी मुळं मोडली की आत पांढरं आणि वास उठतोय." तिनं आयुष्यभर विड्या वळल्या, तंबाखूच्या धुळीत बसली, पण नाक अजून पक्कं आहे. परत जाऊन दुसरी आणली.

पन्नास ग्रॅम जाडसर कुटून त्याच उपकरणात वाफ दिली. थेंब दुधी आले, सुया मात्र नाहीत, एवढ्याशा मुळात तेवढा पदार्थ नसतो. ऊर्ध्वपातित पाणी डायक्लोरोमिथेननं ओढलं, सुकवलं आणि एकाच प्लेटवर तीन ठिपके दिले: डावीकडं मुळाचा, उजवीकडं माझा, मध्ये दोन्ही एकमेकांवर.

तिन्ही एका ओळीत. मध्ये एकच गोल ठिपका, फेरिक क्लोराइडला तिन्ही जांभळे. मुळाच्या रेषेत वर-खाली अजून दोन-तीन फिके ठिपके आहेत, माझ्यात नाहीत. आजीच्या माठातला वास माझ्या कुपीतल्यापेक्षा भरलेला का वाटतो, ते त्यात असावं.

१६ एप्रिल

आज कॉलेजला पोचले तर टेबलावर ठेवलेल्या कुपीत सुया नव्हत्या, तळाशी फिकट पिवळं तेल होतं. क्षणभर पोटात गोळा आला. मग भिंतीवरच्या थर्मामीटरकडं पाहिलं: ४२. पदार्थ ४१ ते ४३ ला वितळतो. बिघडलं काही नाही, सोलापूरचा एप्रिल आहे. कुपी फ्रीजमध्ये ठेवली, अर्ध्या तासात सुया परत.

पुढच्या तुकडीतल्या कुणी हा प्रयोग घेतला तर त्यांच्यासाठी लिहून ठेवते. अॅल्युमिनिअम क्लोराइडची चांगली बाटली डाव्या कपाटात खालच्या डेसिकेटरमध्ये आहे, वर उघडल्याची तारीख लिहिली आहे. उघडताना तोंड स्वतःकडं करू नका. धूर आला नाही तर वापरू नका. नमुन्याच्या दोन कुप्या फ्रीजच्या दारात आहेत, लेबलवर 'उपळसरी' लिहिलंय. प्रयोग फेब्रुवारी संपायच्या आत उरका.